सर्व्हरवरून जाणारा मेल कुणाच्या नावाचा

फसवलं मी, आणि फसवली गेली ती. हे आधीच लिहून टाकतो, कारण चार महिने मी हीच गोष्ट उलटी करून सांगत फिरलो. टपरीवर, इस्टेटच्या मीटिंगमध्ये, मेहुण्याकडे जेवताना. माझ्या ऑफिसातल्या बाईंनी जाता जाता माझा सर्व्हर बिघडवला आणि माझं नुकसान केलं, असं. ऐकणारे हळहळायचे. आपल्याला कोणी लुटलं ही गोष्ट मी चांगली सांगतो. वीसेक वर्षं तीच सांगतोय, फक्त लुटणारा बदलतो.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. घरातली भांडी नाहीत, हॉटेलांची. मोठे टोप, झाकणं, वाढपाच्या बादल्या, बुफेचे ट्रे. याच इस्टेटमध्ये मी बफिंगच्या, म्हणजे भांड्यांना चकाकी आणणाऱ्या, मशीनवर कामाला लागलो होतो. तोंडाला फडकं बांधून दिवसभर भांडं चाकाला लावायचं आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं पाणी यायचं. तिथून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो तो कोणाच्या मेहेरबानीने नाही. पत्रा घेताना, भंगार विकताना, टेम्पोवाल्याशी, दरवेळी तोंड वाजवलं म्हणून आलो. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी कधी दिलेला नाही. दातांच्या डॉक्टरशीही घासाघीस केली आहे, आणि तीही तोंड उघडं असताना. मला याचा अभिमान होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

गाळ्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस. खाली मशीनचा आवाज, वर दोन टेबलं आणि एक पंखा. बाई तिथे नऊ वर्षं बसल्या. मूळ मराठवाड्याच्या, नवरा बँकेत शिपाई, एक मुलगी. मी नववीपर्यंत शिकलेला, त्या बी. कॉम. मी शिव्या घालत सांगायचो आणि त्या तेच सभ्य इंग्रजीत हॉटेलवाल्यांना लिहायच्या. 'या टकल्याला सांगा, परत परत साइज बदलशील तर माल मिळणार नाही,' असं मी म्हणायचो. त्यावर तिकडून उत्तर यायचं, 'थँक यू फॉर युवर पेशन्स.' बाकी सगळे मला शेठ म्हणायचे, त्या एकट्या सर म्हणायच्या. मी त्यांना ताई.

आमच्याकडच्या छोट्या गाळ्यांची एक रीत आहे, बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटेल. कंपनीचा मेल म्हणजे ऑफिसातल्या बाईंचा मेल. कोणी तरी कामाला लागतं, त्याच्या मोबाइलवर स्वतःचा फुकटातला मेल असतो, पहिल्या दिवशी घाईत तोच गिऱ्हाइकाला दिला जातो, मग तोच बिलावर छापतात, मग बोर्डावर रंगवतात. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर कंपनीच्या नावाखाली बाईंचं नाव, आडनाव आणि त्यांच्या जन्माचं साल असलेला मेल होता. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेजारच्या गाळ्यात तर मालकाच्या मेहुणीचा होता आणि ती लग्न होऊन नाशिकला गेली होती.

चार वर्षांपूर्वी मी सर्व्हर घेतला. मिक्सरपेक्षा थोडा मोठा, काळा डबा. त्यात सगळ्या ऑर्डरी, डिझाइनं, बिलं राहायची, आणि ऑर्डर नोंदवली की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जायचा: तुमची ऑर्डर मिळाली, अमुक तारखेला माल निघेल. तो बसवायला मीरा रोडचा एक नेटवर्कवाला आला होता. पन्नाशीचा, गळ्यात चष्मा लटकवलेला, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. त्याने वायरी ओढल्या, डबा चालू केला आणि मग स्क्रीनवर एक पान उघडलं.

"शेठ, हे आउटगोइंग मेलचं सेटिंग. सर्व्हरला स्वतःचं तोंड नसतं. तो कोणाच्या तरी खात्यातून मेल पाठवतो. तर तुमच्या कंपनीच्या नावाचं एक खातं घेऊ. वर्षाला थोडे पैसे लागतात, बस."

त्याच्या कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी होती. मी नखाने तिच्यावर रेघ ओढली. "हे काढ."

"अरे शेठ, यही तो जरूरी है."

"माझ्याकडे चालू मेल आहे. नऊशे हॉटेलवाल्यांना तोंडपाठ आहे. तो घाल."

नऊशे नव्हते. पण भाव पाडताना आकडा फुगवायचा, ही सवय. नेटवर्कवाल्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सर, तो माझा स्वतःचा आहे. माझं सगळं त्यावरच येतं. मुलीच्या शाळेचं, बँकेचं."

"दोन दिवसांसाठी, ताई. सोमवारी नवीन खातं घेतो आणि बदलतो. आज सर्व्हर चालू झाला पाहिजे ना?"

ते दोन दिवस मी तोंडातून काढले तेव्हाच मला ठाऊक होतं की सोमवारी काही घेणार नाही. फसवणूक म्हणतात ती हीच. बाकी पुढे जे झालं ते त्याचं व्याज.

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एक नंबर आला, तो नेटवर्कवाल्याने भरला, मग त्यांच्या खात्यातून सर्व्हरसाठी एक वेगळा लांबलचक पासवर्ड तयार करून घेतला. पानावर एकेक रकाना भरत गेला. जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड. 'कोणाकडून' या रकान्यात त्याने माझ्या कंपनीचं नाव टाकलं आणि खालच्या रकान्यात बाईंचा मेल. शेवटी 'टेस्ट मेल पाठवा' हे बटण दाबलं आणि माझ्या मोबाइलवर टण्‌ झालं. मी टाळी वाजवली.

"मॅडम, एक लक्षात ठेवा," तो चष्मा काढत म्हणाला. "तुमचा मूळ पासवर्ड बदलला की हा लांबवाला आपोआप मरतो. मग सर्व्हरचा मेल बंद. बदलायच्या आधी शेठला सांगा."

हे त्याने आम्हा दोघांच्या समोर सांगितलं. मी ऐकलं. हे वाक्य मी ऐकलंच नव्हतं, अशी मी पुढे स्वतःची समजूत घातली. पण ऐकलं होतं. तेव्हा मी त्याच्या बिलातून अजून काय कापता येईल ते बघत होतो, तरी कान उघडे होते.

सोमवार आला नाही. बाईंनी पहिल्या वर्षी दोनदा आठवण केली. मी म्हणालो, "चाललंय ना? चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?" दुसऱ्या वर्षी त्यांनी नवीन खात्याची किंमत काढून कागदावर लिहून टेबलावर ठेवली. मी त्या कागदावर पत्र्याचा हिशेब केला. मग त्यांनी विचारणं सोडलं. त्याचा अर्थ मी असा घेतला की त्यांची काही तक्रार नाही.

एक दिवस, यंदाच्या उन्हाळ्यात, बाई सकाळी आल्या त्या टेबलाशी बसल्याच नाहीत. पर्स खांद्यालाच.

"सर, माझा मेल भरला."

"भरला म्हणजे?"

"जागा संपली. तुमच्या प्रत्येक ऑर्डरचा मेल, त्याला जोडलेलं डिझाइन, सगळं माझ्या खात्यात साठलंय. चार वर्षांचं. आता बाहेरून कोणाचाच मेल आत येत नाही. पंधरा दिवस झाले. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची पहिली यादी लागली, तिचं नाव होतं, त्यांनी मेल पाठवला, तो परत गेला. मुदत संपली, सर."

"मग फोन का नाही केला त्यांनी?"

मी हे विचारलं. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्यावर काही येतंय असं दिसलं की मी समोरच्याचा दोष शोधतो. बायको म्हणते, तुम्हाला साप चावला तरी तुम्ही विचाराल, इथे गवत कोणी वाढवलं?

बाईंनी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी महिनाअखेर सोडतेय. एक तारखेला पासवर्ड बदलणार. त्याआधी तुमचं खातं घ्या."

"बदला ना. धमकी कोणाला देता?"

"धमकी नाही, सर. सांगून ठेवतेय."

"नऊ वर्षं पोसलं त्याचं हे फळ?"

"पोसलं?" त्या एवढंच म्हणाल्या. आवाज न चढवता. मला तो शब्द अजून ऐकू येतो, आणि तो माझाच होता.

महिनाभर मी खातं घेतलं नाही. विसरलो नव्हतो. एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसत होती. मला वाटत होतं की त्या बदलणार नाहीत. घासाघिशीत समोरचा उठून दारापर्यंत जातो, तेव्हा आपण हाक मारायची नाही. तो स्वतःच वळतो. मी बाईंना हाक मारली नाही. त्या वळल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सगळ्या कामगारांना पेढा देऊन गेल्या. माझ्या टेबलावरही एक ठेवला.

नवीन मुलगी ऑफिसात आली, कामाला बरी. ऑर्डरी नोंदवत राहिली. सर्व्हरच्या पानावर एका कोपऱ्यात बारीक लाल अक्षरांत काही तरी यायचं, ती मला म्हणाली, "शेठ, हे नेहमीचंच आहे का?" मी म्हणालो, "असेल."

आठव्या दिवशी दुपारी मी खाली उतरलो तर दोन गाळे सोडून दुसऱ्या भांडीवाल्याकडे एक टेम्पो भरत होता. मोठे टोप, झाकणं, माझ्याच मापाचे ट्रे. मालाच्या चिठ्ठ्यांवर हायवेवरच्या ज्या हॉटेलचा पत्ता होता, ते हॉटेल माझं गिऱ्हाईक. त्यांचा नवा हॉल सुरू होणार होता आणि ती ऑर्डर मी तोंडी पक्की करून ठेवली होती. मी तिथेच उभा राहून त्यांच्या खरेदीवाल्याला फोन लावला.

"अरे भाई, कन्फर्मेशन आया ही नहीं! दो बार पूछा, मेल पे. जवाब नहीं. मैं समझा आप नहीं कर रहे."

त्याने विचारलेलं गेलं होतं बाईंच्या खात्यात. त्यांनी जागा करण्यासाठी जुनं सगळं उडवलं होतं, आणि त्या गडबडीत त्याचे दोन मेलही गेले असावेत, किंवा त्यांनी पाहिलेच नसतील. काहीही असो, माझं डोकं फिरलं. पोटमाळ्यावर चढेपर्यंत माझी गोष्ट तयार होती: बाईने जाता जाता डाव साधला.

आता दुसरी रीत सांगतो. आमच्या भागात गाळेवाले, गोदामवाले एकमेकांची माणसं ठेवताना आधी फोन करतात. काशीमीऱ्याला ट्रान्सपोर्टचं एक मोठं गोदाम आहे, त्याच्या मालकाने बाईंना ऑफिसात ठेवण्याआधी मला फोन केला होता. "कैसी है?" मी म्हणालो होतो, "काम में अच्छी है." चांगलं म्हणतानाही मी 'काम में' हा शब्द आधी लावला, जेणेकरून बाकीचं राखून ठेवता येईल.

त्या दुपारी मी त्यालाच फोन केला.

"तुमच्याकडे आलीय ना माझी बाई? कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. माझा सर्व्हर बिघडवून गेली. मोठी ऑर्डर घालवली."

"क्या बात करते हो?"

"नऊ वर्षं ठेवली होती. सांगतोय ते ऐका."

त्याने "हां, हां, अच्छा किया बताया," म्हटलं. एवढंच. त्याच दिवशी चारच्या सुमाराला त्याने बाईंना घरी पाठवलं, हे मला आठवड्याने कळलं. कळलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला मी कितीतरी वेळ घेतला, पण बरं वाटलं हे खरं आहे. कोणी तरी आपल्या बाजूने उभं राहिलं असं वाटलं.

नवव्या दिवशी नेटवर्कवाला आला. त्याने तेच पान उघडलं, चष्मा लावला आणि लाल अक्षरं वाचली.

"शेठ, इथे अजून मॅडमचाच मेल आहे?"

मी टेबलावरची बिलं सारखी केली.

"त्यांनी पासवर्ड बदलला असणार. म्हणून लांबवाला मेला. मी सांगितलं होतं तेव्हा." त्याने खुर्ची मागे ढकलली. "यात कोणी बिघडवलेलं काही नाही. स्वतःच्या घराचं कुलूप बदललं, बस."

खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. नवी मुलगी तिच्या टेबलावर बसून कीबोर्डकडे बघत होती, म्हणजे ती ऐकत होती. मी म्हणालो, "कंपनीचं खातं घे. आत्ताच्या आत्ता."

"शेठ, त्याचे वेगळे..."

"जे असतील ते."

त्याने भाव सांगितला. मी हो म्हणालो. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तब्येत ठीक है ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेला भाव दिला, आणि तो खात्याचा नव्हता, त्याने तोंड बंद ठेवावं याचा होता. निघताना मी त्याला म्हणालो, ही गोष्ट बाहेर कशाला? त्याने मान डोलावली. त्याने कोणाला सांगितलं नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायचं की त्याच्या विरुद्ध, मला कळत नाही.

नव्या खात्यातून सगळ्या गिऱ्हाइकांना एक मेल गेला की आमचा पत्ता बदलला आहे, आता इथे लिहा. सर्व्हर नीट चालू लागला. आणि मी खरं काय ते कळल्यावरही, ती लाल अक्षरं स्वतः पाहिल्यावरही, तीच जुनी गोष्ट सांगत राहिलो. एकदा सांगून झालेली गोष्ट मागे घ्यायची म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे परत जायचं. बफिंगच्या दिवसांत मालकाने माझ्यावर चोरीचा आळ घेतला होता. पितळी नळ गेले होते. ते नंतर माळ्यावर सापडले. मालकाने मला कामावर परत घेतलं, पण 'चुकलो' म्हटलं नाही, आणि बाकीचे कामगार मी असेपर्यंत माझा डबा उघडा राहिला की त्यात डोकावायचे. त्या मालकाला मी पंचवीस वर्षं शिव्या देतोय. मी तोच झालोय, हे माझ्या लक्षात यायला अजून चार महिने लागायचे होते.

गेल्या महिन्यात मी एका जुन्या डिझाइनसाठी नव्या मुलीच्या खुर्चीत बसलो. ती जेवायला गेली होती. कंपनीच्या नव्या खात्यात मेलची रांग होती, आणि मधे मधे एक ओळखीचं नाव. बाईंचं. एक, दोन, खाली सरकवत गेलो तसं संपेना. एका हॉटेलवाल्याने जुन्या पत्त्यावर विचारलं होतं, ट्रेचं झाकण वेगळं मिळेल का. त्यांनी ते पुढे पाठवलं होतं. वर एक ओळ: 'सर, हे तुमच्यासाठी आलं आहे.' कोणी माल तपासायला येणार होता, ते पुढे पाठवलं होतं. 'सर, हे तुमच्यासाठी आलं आहे.' सवयीने जुन्याच पत्त्यावर लिहिणारे लोक असतातच. चार महिने, आठवड्यातून दोन-तीन. ज्या ऑर्डरी मला वाटत होतं की नव्या मुलीच्या हुशारीने मिळतायत, त्यांतल्या काही अशा आल्या होत्या.

नवी मुलगी परत आल्यावर मी विचारलं, "हे मला का नाही सांगितलं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, शेठ. त्या मॅडम तुमच्याशी बोलून करत असतील."

माझ्या शब्दावर त्यांची नोकरी गेली, आणि त्या घरी बसून माझं टपाल पोचवत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भाईंदर पूर्वेलाच, स्टेशनपासून आतल्या गल्लीत, तिसरा मजला. नऊ वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. मुलीच्या दहावीला बोलावलं होतं, तेव्हाही नाही. दार मुलीने उघडलं. आत जमिनीवर चादर पसरलेली, त्यावर नकली दागिन्यांचे मणी आणि साखळ्यांचे ढीग. बाई साखळीला मणी लावत बसल्या होत्या. नगावर मिळणारं काम. फडताळात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजं फूल.

मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "आई, दोन दिवसवाले सर आलेत."

त्या घरात मला हेच नाव होतं.

बाईंनी मणी बाजूला सरकवले, खुर्ची दिली. पाणी आणलं. मी प्यायलो नाही, मग प्यायलो. मी म्हणालो, "ताई, माझी चूक झाली. परत या. पगार वाढवून देतो."

"सर, माफीचा भाव करताय का?"

"तसं नाही..."

"मग पगार मधे का आणला?"

 आयुष्यभर मला बोलण्यात कोणी हरवलं नाही, असं मी समजत होतो. मी खिशातला रुमाल काढला आणि परत ठेवला.

"तुम्ही ते मेल पुढे का पाठवत राहिलात?" मी विचारलं.

"लोकांनी विचारलेलं असतं, त्यांना उत्तर मिळायला नको? त्यांनी काय केलंय?" मग एक मणी उचलून, "आणि तुमचा माल गेला नसता तर परत माझंच नाव आलं असतं."

मुलगी दाराला टेकून उभी होती. दुसऱ्या यादीत तिला पालघरपलीकडचं कॉलेज मिळालं होतं; तिथे राहूनच शिकतेय, दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. "आईने तीन ठिकाणी अर्ज केला," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, फोन करून कळवतो. कोणाला फोन करतात ते आम्हाला माहीत नाही का?" तिघांचेही फोन मला आले होते, आणि मी त्यांना तीच गोष्ट सांगितली होती.

"तू आत जा," बाई म्हणाल्या. ती गेली नाही.

"सर, मला तुमच्याकडची नोकरी नको," बाई म्हणाल्या. "मला माझं नाव पाहिजे. ज्या फोनवरून घालवलंत, त्याच फोनवरून परत आणा. माझ्यासमोर."

मी मोबाइल काढला. काशीमीऱ्याच्या गोदामवाल्याला लावला आणि स्पीकरवर टाकला.  

"बोलो शेठ!"

"ती बाई, जिच्याबद्दल मी सांगितलं होतं. तिने काही केलं नव्हतं. मी खोटं बोललो. मीच तिचा मेल माझ्या सर्व्हरमध्ये घालून ठेवला होता. तिने सांगून बदलला."

पलीकडे गोदामाचा आवाज, कोणी तरी ट्रकला मागे घेत होतं. मग तो हसला.

"अरे, वो? कब की बात ले के बैठे हो! छोड़ो ना. दूसरी रख ली मैंने, चार महिने हो गये."

"अहो, पण तुम्ही तिला काढलंत!"

"तो आपने ही बोला था ना?"

"मी बोललो, पण तुम्ही तिला विचारलं का? एकदा तरी?"

"शेठ, लेडीज स्टाफ है, कौन झंझट करे. आपने बोला, मैंने मान लिया. धंधे में ऐसे ही चलता है. अच्छा, ट्रक लगा है, बाद में बात करते हैं."

फोन बंद झाला. खोलीत मण्यांचा डबा उघडा होता, बाईंनी त्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "झालं, सर. आता बाकीच्यांना."

त्या दिवशी मी त्यांच्याच घरात, त्या खुर्चीत बसून अकरा जणांना फोन केले. टपरीवाल्यालाही. दोघांनी विषय बदलला, एकजण म्हणाला, "आम्हाला माहीत होतं रे, तुझं नेहमीचंच." मेहुणा म्हणाला, "दारू प्यायलास का सकाळी?" मग कंपनीच्या नव्या खात्यातून, मोबाइलवरून, सगळ्या गिऱ्हाइकांना आणि इस्टेटच्या सगळ्या मालकांना एक मेल लिहिला. मराठीत. बाईंनी वाचला, एक वाक्य खोडायला सांगितलं. मी लिहिलं होतं, 'गैरसमजातून झालं.' त्या म्हणाल्या, "गैरसमज कोणाचा होता, सर?" मी ते काढलं. 'कोणाकडून' या रकान्यात या वेळी माझं नाव, माझं आडनाव.

त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत. दार लावलं. तेच योग्य होतं. चार दिवसांनी एका गोदामातून मला फोन आला, बाई कशा आहेत म्हणून. मी सांगितलं जे सांगायचं ते, 'काम में' न लावता. त्यांना ठेवतील की नाही, मला माहीत नाही.

माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलंय, उशिरा आणि अपुरं. मुलीच्या पहिल्या यादीचं उत्तर माझ्याकडे नाही. ते मला कोणीही, कधीही विचारावं, मी मान खाली घालून उभा राहीन. पण मी एकट्याने ही बाई घरी बसवलेली नाही. काशीमीऱ्याचे गोदामवाले शेठ, ज्यांनी तिच्याबरोबर एकाच खोलीत बसूनही तिला विचारण्याऐवजी माझ्या रागाचं ऐकलं. आणि फोन करून कळवतो म्हणणारे ते तिघं, ज्यांनी फोन केला आणि तिला कधी कळवलं नाही. आणि इस्टेटचे आपण सगळे, जे एका फोनवर माणूस ठेवतो आणि एका फोनवर काढतो: मी खोटा होतो, ठीक. तुम्ही तिला एकदा समोर बसवून का विचारलं नाही? हे मी मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा अध्यक्षांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. म्हणून इथे लिहून विचारतोय. मला नका सांगू. तिसऱ्या मजल्यावर जा, दार वाजवा आणि तिला उत्तर द्या.